स्वयंपाकघरातल्या मांडणीचे लिनोकट : कोरणी हाती घेण्याआधी आणि नंतर

लिनोकट म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून, न कोरलेल्या भागाला शाई लावून ते कागदावर छापणे; त्या कोरलेल्या तुकड्याला ठसा म्हणतात. घरातल्या वस्तूंचे लिनोकट करणाऱ्या नवख्यांचे प्रिंट पाहताना एक गोष्ट सारखी आढळते. कोरणीचा हात बरा असतो, शाईही बऱ्यापैकी लागलेली असते, आणि तरीही मांडणीवरच्या पातेल्यांऐवजी पातेल्यांच्या कडा तेवढ्या कागदावर उमटलेल्या असतात. दोष कोरण्यात नसतो. काळे काय राहणार आणि पांढरे काय होणार, हे कोरायला बसण्याआधी ठरवायचे असते आणि ते ठरलेलेच नसते. पेन्सिलीच्या चित्रात हा निर्णय शेवटपर्यंत लांबवता येतो, पण लिनोत एकदा काढलेला तुकडा परत बसत नाही आणि राखाडी छटा नावाची सोय तिथे नसते.

या लेखात एकाच रंगाचे, ए५ आकाराचे, प्रेस न वापरता हाताने घासून छापलेले लिनोकट घेतले आहे. विषय स्टीलच्या भांड्यांची मांडणी हा आहे. देवघर, दोरीवरची धुणी, दारातल्या चपला किंवा खिडकीत बसून भाजी निवडणारी आजी यांपैकी काहीही घेतले तरी क्रम हाच राहतो. कामाला साधारण चार बैठका लागतात: एक आरेखनाची, दोन कोरण्याच्या आणि एक छपाईची. हे सगळे एकाच रविवारी उरकण्याचा प्रयत्न करू नये.

१. विषय आणि त्याची वेळ

वस्तू निवडण्याइतकेच महत्त्व ती कोणत्या वेळी पाहायची याला आहे. स्वयंपाकघरात छतावरची ट्यूबलाइट चालू असली की उजेड सगळीकडून सारखा पडतो, सावल्या फिक्या होतात आणि भांड्यांचा गोलवा नाहीसा होतो. दिवे बंद करावेत, एकाच खिडकीचा उजेड राहू द्यावा आणि सकाळ, दुपार व संध्याकाळ असे तीन वेळा त्याच मांडणीसमोर पाच-पाच मिनिटे उभे राहावे. कोणत्या वेळी काळ्या आणि पांढऱ्या भागांची फाळणी सर्वांत स्पष्ट होते, ते वहीत लिहून ठेवावे. पुढचे सगळे आरेखन त्याच वेळी करायचे.

पहिल्या कामासाठी स्टील किंवा घासलेले पितळ घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. स्टीलच्या पेल्यावर मधल्या छटा फार कमी असतात. खिडकीच्या प्रतिबिंबाचा उभा पांढरा पट्टा, त्याला चिकटून जवळजवळ काळी पट्टी आणि पुन्हा पांढरे, असे ते रूप असते, म्हणजे लिनोला जे हवे तेच वस्तूने आधीच करून ठेवलेले असते. माठ, कणकेचा गोळा, उशी किंवा भाताची वाफ यांवर उजेड हळूहळू मावळत जातो, आणि ती उतरती छटा बारीक समांतर रेषांनी घडवावी लागते. ते दुसऱ्या-तिसऱ्या ठशाचे काम आहे.

घरच्या विषयात एक अडचण बाहेरच्या विषयापेक्षा जास्त असते. रोज हाताळलेली वस्तू आपण पाहत नाही, आठवतो. पोळपाट म्हटले की हात आपोआप वर्तुळ काढतो, पण ओट्यावर ठेवलेला पोळपाट समोरून पाहिला तर चपटी लंबगोल चकती दिसते आणि तिच्याखाली पायांची सावली. म्हणून स्मरणातून काढलेले रेखाटन ठशासाठी वापरू नये.

तपासणी: डोळे अर्धवट मिटून मांडणीकडे पाहा. तीन ते पाच मोठे काळे आकार वेगळे मोजता आले पाहिजेत. मोजता येत नसतील तर भांडी कमी करा किंवा उजेडाची वेळ बदला.

२. साहित्य

लिनोलियम जवसाचे तेल, बुचाचा भुसा आणि लाकडाचा भुसा यांपासून बनते व त्याला मागून तागाचे कापड असते. कलासाहित्याच्या दुकानात मिळणारी जाडी साधारण ३ मिलिमीटर असते. घेताना तुकडा किंचित वाकवून पाहावा. वर्षानुवर्षे दुकानात पडलेला लिनो वाकवताच तडकतो आणि कोरताना त्याचा चुरा होतो. जमिनीवर अंथरायची प्लॅस्टिकची चटई दिसायला तशीच असली तरी ती लिनो नव्हे. कोरणी तिच्यात अडकते.

कोरण्या तीनच पुरतात: व्ही आकाराची एक बारीक, यू आकाराची ३ मिलिमीटरची एक आणि मोठी जागा मोकळी करण्यासाठी ६ ते ८ मिलिमीटरची रुंद यू. दहा पात्यांच्या स्वस्त संचापेक्षा तीन धारदार कोरण्या बऱ्या. बोथट कोरणीला जोर द्यावा लागतो आणि जोर दिलेली कोरणीच घसरते.

याशिवाय सुमारे १० सेंटिमीटर रुंद रबरी रोलर, शाई पसरायला कडा घासलेली जाड काच किंवा गुळगुळीत फरशीचा तुकडा, शाई कालवायला पाते, बटर पेपर, ट्रेसिंग पेपर, ४बी पेन्सिल आणि घासण्यासाठी लाकडी किंवा स्टीलचा खोलगट चमचा लागतो. लाटणे वापरण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्याचा कागदाला फक्त एका रेषेत स्पर्श होतो आणि लोटताना कागद सरकतो.

शाईचे दोन प्रकार आहेत. पाण्यात विरघळणारी ब्लॉक प्रिंटिंगची शाई साबणाने धुता येते, पण मे महिन्याच्या उकाड्यात ती काचेवरच काही मिनिटांत सुकू लागते. तेलावर आधारित शाईला वाळायला दिवस लागतात, पण ती ठशावर सावकाश पसरवता येते आणि तिचा काळा रंग अधिक भरीव येतो. अनेक विद्यार्थी ऑफसेट छपाईची काळी शाई वापरतात आणि ती चालतेही. फार पातळ वाटली तर तिच्यात थोडी मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड मळून ती घट्ट करतात.

इशारा: घासण्यासाठी घेतलेला चमचा, शाईचे पाते आणि तेलाची वाटी पुन्हा स्वयंपाकाच्या वापरात घ्यायची नाही. त्यांच्यावर रंगाची खूण करून ती वेगळ्या डब्यात ठेवावीत. आमच्या घरी हा नियम एका आमटीच्या पळीनंतर लागू झाला.

३. काळ्या-पांढऱ्याचा आराखडा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, म्हणून त्यावर जरा थांबतो.

ए५ म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर. त्या प्रमाणातल्या, आगपेटीपेक्षा थोड्या मोठ्या सहा चौकटी वहीत आखाव्यात. प्रत्येकीत जाड काळ्या ब्रशपेनाने मांडणीचे चित्र भरावे. रेषा मारायच्या नाहीत, थेट काळे आकार भरायचे. एवढ्या लहान जागेत तपशील मावत नाही आणि हाच या चौकटींचा उपयोग आहे. एका चौकटीत भिंत काळी आणि भांडी पांढरी करून पाहावी, दुसरीत भिंत पांढरी, तिसरीत डावीकडची भिंत पांढरी आणि उजवीकडची काळी. काळ्या भिंतीसमोर पांढऱ्या कडेची भांडी उठून दिसतात, पण भांड्यांची सावलीकडची बाजू काळ्यात बुडते. तिथे दोन मार्ग असतात: ती कड पांढऱ्या बारीक रेषेने सोडवायची किंवा बुडू द्यायची. मी बहुधा बुडू देतो. पाहणारा अर्ध्या पातेल्यावरून पूर्ण पातेले मनात जुळवून घेतो, आणि सगळ्या कडा सांगत बसलेले चित्र निर्जीव वाटते.

पांढऱ्या रेषेने किती काम होते हे पाहायचे असेल तर चित्रकार नंदलाल बोस यांचे १९३० मधले ‘बापूजी’ हे लिनोकट समोर ठेवावे. काळ्या पार्श्वभूमीवर मोजक्या पांढऱ्या रेषांत काठी घेऊन चालणारी आकृती उभी राहते. आपल्याला त्यातून घ्यायचे ते इतकेच की कोरणी जिथे फिरते तिथे उजेड येतो. कागदावर पेन्सिलीने आपण अंधार काढत असतो, इथे उजेड काढायचा आहे. म्हणूनच पांढऱ्या कागदावर केलेले रेखाटन जसेच्या तसे लिनोवर नेले की प्रत्येक काळ्या रेषेच्या दोन्ही बाजू कोरत बसावे लागते, हात थकतो आणि शेवटी तारेची जाळी तयार होते. त्याऐवजी सहांपैकी निवडलेली चौकट काळ्या कागदावर पांढऱ्या पेन्सिलीने पुऱ्या आकारात एकदा काढावी.

उजेड हासुद्धा कडा असलेला आकार आहे, हे पिकासोच्या १९६२ मधल्या दिव्याखालच्या स्थिरचित्राच्या लिनोकटमध्ये दिसते. तिथे दिव्याचा प्रकाश पेल्याइतकाच आणि फळांइतकाच ठाम कापलेला आहे. आपल्या मांडणीवर खिडकीच्या गजांची सावली पडत असेल तर ती विरघळती न ठेवता तशीच धारदार आकारात घ्यावी.

नक्षीच्या बाबतीत मात्र हात आवरावा लागतो. फरशीची नक्षी, पडद्याची फुले, टॉवेलच्या रेघा आणि डब्यांवरची नावे असे सगळे एकाच चित्रात कोरले की डोळ्याला थांबायला जागा उरत नाही. अमेरिकन चित्रकार मेरी कसाट यांच्या १८९०-९१ मधल्या दहा रंगीत प्रिंटच्या संचात आंघोळ, पत्रलेखन असेच घरगुती प्रसंग आहेत. त्यांचे तंत्र धातूच्या पत्र्यावरचे, आपल्याहून अगदी वेगळे, पण नक्षीदार कापड किंवा भिंतीचा कागद आणि त्यालगत सपाट मोकळी जागा ही त्यांची मांडणी आपल्यालाही उपयोगी आहे. एका चित्रात एक नक्षी, फार तर दोन.

इशारा: मोबाइलवर फोटो काळा-पांढरा करून तो थेट गिरवू नये. यंत्र फक्त उजेडाची पातळी मोजते. त्यामुळे कढईचा कान आणि त्यामागची भिंत यांचा एकच डाग होतो, आणि कोरताना तो डाग कशाचा हे कळत नाही. फोटो प्रमाण तपासायला ठेवावा.

४. उलटे चित्र

ठशावर जे डावीकडे आहे ते कागदावर उजवीकडे उमटते. हे सर्वांना ठाऊक असते आणि तरीही चूक होते, कारण चित्र लिनोवर नेण्याच्या दोन पद्धती आहेत व त्यांचा परिणाम उलट आहे.

ट्रेसिंग पेपरवर ४बी पेन्सिलीने चित्र काढले, तो कागद पालथा घालून लिनोवर ठेवला आणि मागून घासला, तर लिनोवर चित्र उलटे उमटते आणि प्रिंट सुलटा येतो. ही पद्धत वापरावी. कार्बन पेपर खाली ठेवून वरून गिरवले तर लिनोवर चित्र सुलटे जाते आणि प्रिंट उलटा येतो. कार्बनच वापरायचा असेल तर आधी ट्रेसिंग पालथे करून मागच्या बाजूने गिरवावे.

पातेली उलटली तर कोणाच्या लक्षात येत नाही. भिंतीवरचे घड्याळ, दिनदर्शिकेवरचे आकडे, डब्यावरचे ‘साखर’ ही मात्र लगेच पकडली जातात. चित्रात माणूस असेल तर आणखी एका ठिकाणी जपावे: डाव्या खांद्यावरचा पदर उलटून उजव्या खांद्यावर गेला की घरातल्या आजीने गुजराती पद्धतीची साडी नेसल्यासारखी दिसते. माझ्या एका ठशात हे झाले आहे, आणि ते कोरण्याच्या सहा तासांनंतर एका शेजारणीने पहिल्या नजरेत दाखवून दिले.

तपासणी: लिनो आरशासमोर धरा. आरशात दिसते तेच कागदावर येणार आहे.

५. लिनोची तयारी

चित्र उतरवण्याआधी लिनोच्या पृष्ठभागावरची चकाकी ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने अगदी हलक्या हाताने घासून काढावी, कारण त्या थरावर शाई नीट धरत नाही. धूळ ओल्या फडक्याने पुसून लिनो पूर्ण वाळू द्यावा. मग ट्रेसिंग घासून चित्र उतरवावे, पेन्सिलीच्या रेषा पाण्याने न निघणाऱ्या काळ्या ड्रॉइंग इंकने पक्क्या कराव्यात आणि काळे राहणारे सगळे भाग त्याच शाईने भरून टाकावेत. शेवटी संपूर्ण ठशावर पाण्यात खूप पातळ केलेल्या तांबड्या अॅक्रिलिकचा एक हात द्यावा. त्यामुळे कोरलेली जागा फिकी उघडी पडते आणि आपण काय काढले, काय राहिले हे एका नजरेत कळते.

इशारा: स्पिरिटचे मार्कर वापरू नयेत. त्यांचा रंग तेलाच्या शाईत उतरतो आणि पहिल्या काही प्रिंटवर जांभळट डाग येतात.

६. कोरणे

लिनो थंड असेल तर कडक लागतो. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी हा फरक हाताला जाणवतो. दहा मिनिटे बाल्कनीतल्या उन्हात ठेवावा किंवा गरम पाण्याच्या पिशवीवर पालथा ठेवावा. थंड झाला की पुन्हा तसेच. गॅसजवळ नेऊ नये.

ठसा टेबलावर मोकळा ठेवून कोरायचा नसतो. एका फळीच्या पुढच्या कडेला खालून आणि मागच्या कडेला वरून अशा दोन पट्ट्या ठोकाव्यात. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडते आणि वरच्या पट्टीला ठसा टेकतो. यामुळे रिकाम्या हाताने ठसा पुढून धरण्याची गरज उरत नाही. लिनोकटमधल्या बहुतेक जखमा डाव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांना होतात, कारण कोरणी ज्या दिशेने जाते तिथे ती बोटे असतात.

इशारा: दुसरा हात नेहमी कोरणीच्या मागे. वळणदार रेषेसाठी मनगट न वळवता ठसा फिरवावा.

क्रम असा ठेवावा. पहिल्यांदा बारीक व्हीने सर्व पांढऱ्या आकारांच्या कडा आखून घ्याव्यात. कोरणी काळ्या भागाच्या बाजूला किंचित कलती न ठेवता, पांढऱ्या भागाकडे उतार येईल अशी धरावी, म्हणजे उरलेली काळी रेषा पायथ्याशी रुंद आणि माथ्याशी अरुंद होते, बांधाच्या आकाराची. उलटा कल दिला तर रेषेखालची माती काढल्यासारखे होते आणि चमच्याच्या दाबाखाली ती रेषा पाच-सहा प्रिंटमध्ये मोडते. ही चूक कोरताना दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल जास्त सावध राहावे.

त्यानंतर भांड्यांवरचे प्रकाशाचे पट्टे ३ मिलिमीटरच्या यूने एका सलग ओढीत काढावेत. हा पट्टा पेल्याचा गोलवा सांगतो. तुकड्यातुकड्यांनी काढला तर पेला चेपलेला दिसतो, म्हणून आधी लिनोच्या एखाद्या कपट्यावर तीच ओढ पाच-सहा वेळा करून पाहावी.

मोठ्या पांढऱ्या जागा सगळ्यांत शेवटी रुंद कोरणीने मोकळ्या कराव्यात. त्या आधी मोकळ्या केल्या तर कड ओलांडण्याची भीती असते आणि ठसा वाकून बारीक कामही बिघडते. खोली साधारण १ ते १.५ मिलिमीटर पुरते. जागा जितकी रुंद तितकी ती थोडी खोल हवी, कारण रुंद खड्ड्यात रोलर आणि कागद दोन्ही खाली झुकतात. पण तागाचे कापड दिसू लागले की थांबावे.

मोकळ्या केलेल्या जागेत कोरणीच्या खुणांचे बारीक कंगोरे राहतात आणि ते थोडी शाई पकडतात. ते सगळे घासून काढण्याची गरज नसते, मात्र त्यांची दिशा आधीच ठरवावी. भिंतीच्या पांढऱ्या भागात सगळे ओरखडे खिडकीच्या दिशेने गेले तर उजेड वाहतो आहे असे वाटते. वाटेल तिकडे गेले तर भिंतीला पोपडे आल्यासारखे दिसते.

तपासणी: ठसा ब्रशने झटकून त्यावर पातळ कागद ठेवा आणि वरून मेणाचा खडू आडवा फिरवा. शाई न लावता चित्राची सद्यःस्थिती कळते. प्रत्येक बैठकीच्या शेवटी हे करावे आणि पहिल्या बैठकीनंतर उरलेले काम मुद्दाम दुसऱ्या दिवसावर टाकावे. काढायचे राहिलेले नंतर काढता येते.

चुकून काळा भाग उडाला आणि तुकडा सापडला तर तो फेविक्विकने परत बसवता येतो. न सापडल्यास एम-सील भरून, पूर्ण कडक झाल्यावर पॉलिश पेपरने सपाट करावे. त्या जागेवर बारीक रेषा पुन्हा कोरण्याची अपेक्षा मात्र ठेवू नये.

७. शाई लावणे

ए५ ठशाच्या पहिल्या प्रिंटसाठी काचेवर हरभऱ्याच्या दोन-तीन दाण्यांएवढी शाई घ्यावी. पात्याने दोन मिनिटे ती मळावी, एक पातळ पट्टी ओढावी आणि रोलर त्यावर उभा-आडवा फिरवून उचलत राहावा. रोलर उचलला नाही, नुसता पुढे-मागे लोटला, तर त्याचा एकच भाग शाई घेतो.

शाई बरोबर झाली की नाही हे कानाने कळते. बरोबर थर हलकी सळसळ करतो आणि साबराच्या कातड्यासारखा मऊ दिसतो. चिकट फटफट आवाज येत असेल आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसत असेल तर शाई जास्त आहे. कमी झालेली शाई पुढच्या थरात भरून निघते. जास्त झालेली पेल्यावरच्या बारीक पांढऱ्या रेषांत उतरते आणि टूथब्रश घेऊन बसावे लागते. म्हणून पातळ थर तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी दिशा बदलून, लावावेत. दाबायचे नाही, रोलरचे स्वतःचे वजन बरेचसे काम करते.

पाण्याची शाई असेल तर पंखा बंद ठेवावा आणि कागद आधीच कापून हाताशी ठेवावेत.

तपासणी: ठसा खिडकीसमोर तिरपा धरा. चमक सगळीकडे सारखी हवी. जिथे मंद दिसते तिथे शाई कमी आहे.

८. कागद आणि छपाई

हाताने घासायचे असेल तर कागद पातळ आणि लांब धाग्यांचा हवा. नेपाळी हातकागद किंवा ३० ते ४५ ग्रॅम वजनाचा (दर चौरस मीटरला) जपानी कोझो, म्हणजे तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा, कागद सर्वांत सोपा जातो. पुण्यात हातकागद संस्थेचे सुती कागद मिळतात; त्यांतले पातळ घ्यावेत. २०० ग्रॅमचा जाड कागद प्रेसशिवाय नीट छापला जात नाही, आणि नवख्यांचे अर्धे फिके प्रिंट केवळ या कारणाने फिके असतात. ठशाभोवती किमान ४ सेंटिमीटर समास राहील आणि खालचा समास किंचित जास्त राहील असे कागद कापावेत.

कागद दर वेळी त्याच जागी बसावा म्हणून एका पुठ्ठ्यावर ठशाच्या दोन बाजूंना अडवणारा काटकोन चिकटवावा आणि कागदाच्या दोन कोपऱ्यांच्या खुणा आखाव्यात. कागद उचलताना दुमडलेल्या कार्डाच्या दोन चिमट्या वापराव्यात, कारण शाई लावणाऱ्याच्या बोटांवर शाई असतेच, ती त्याला दिसत नाही एवढेच.

कागद खुणांवर टेकवून एका बाजूने हळू सोडावा. सोडल्यानंतर सरकवायचा नाही. आधी तळहाताने मधून कडेकडे दाबावे, मग वर बटर पेपर ठेवून चमच्याच्या पाठीने लहान गोल फिरवत सगळा ठसा घासावा. कडा आणि मोठे काळे भाग यांना जास्त वेळ द्यावा. ए५ ठशाला सात-आठ मिनिटे लागतात. दोन मिनिटांत होत असेल तर ते झालेले नाही.

तपासणी: एक हात कागदावर घट्ट ठेवून दुसऱ्याने एक कोपरा उचलून पाहावा. फिके दिसले तर कोपरा परत टेकवून तेवढाच भाग घासावा. चारही कोपरे असे पाहून झाल्यावरच कागद पूर्ण काढावा.

९. प्रूफ वाचणे

पहिले दोन-तीन प्रिंट फिके येतात, कारण नवा लिनो शाई पितो. ते जुन्या वर्तमानपत्रावर किंवा स्वस्त कागदावर काढावेत. चौथा प्रिंट हे खरे प्रूफ, म्हणजे तपासणीची प्रत. ते भिंतीला लावून तीन पावले मागे जावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहावे.

प्रूफवर पांढऱ्या रंगाने पुढे काय कोरायचे ते दाखवता येते, आणि ठशाला हात लावण्याआधी तेच करावे. सर्वांत नेहमीची उणीव म्हणजे भांड्यांखालची सावली तुटलेली असते आणि भांडी फळीवर टेकलेली वाटत नाहीत. सावलीच्या जागी लिनो शिल्लक असेल तर बाजूचे पांढरे थोडे वाढवून ती वेगळी दाखवता येते; तिथे आधीच कोरून टाकले असेल तर पुढच्या ठशाची वाट पाहावी.

ठिपक्याठिपक्यांचा काळा भाग म्हणजे शाई किंवा दाब कमी. बुजलेल्या रेषा म्हणजे शाई जास्त. दुहेरी कड म्हणजे कागद हलला. ठरावीक अंतराने दिसणारे आडवे पट्टे रोलरच्या घेरामुळे येतात. दिशा बदलून थर दिले की ते जातात. या चारांपैकी एकाही दोषासाठी कोरणी घ्यायची नसते.

१०. दुसरा रंग हवा असल्यास

पहिल्या कामात नको. नंतर करायचे झाल्यास एकाच ठशातून, फिक्याकडून गडदाकडे, प्रत्येक रंगानंतर आणखी कोरत जाता येते. पहिला रंग छापण्याआधी प्रतींची संख्या ठरवावी लागते, कारण पुढे कोरल्यावर मागे जाता येत नाही. दहा प्रती हव्या असतील तर चौदा कागद घ्यावेत.

११. साफसफाई

तेलाच्या शाईसाठी आधी कोरड्या कागदाने जास्तीची शाई पुसावी, मग खाद्यतेलाचे फडके फिरवावे आणि शेवटी भांड्यांच्या साबणाचे ओलसर फडके. ठसा पाण्यात बुडवू नये. ताग फुगतो आणि लिनो वाकतो. रोलर दांड्यावर टांगून किंवा पालथा ठेवावा. रबरावर उभा राहिला तर त्याला चपटी जागा पडते आणि ती पुढच्या प्रत्येक प्रिंटवर दिसते. शाईचे फडके बेसिनमध्ये धुऊ नये.

इशारा: जवसाच्या तेलाने (तेलाच्या शाईत बहुधा हेच असते) भिजलेली फडकी चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नयेत. वाळताना ती आतून तापतात आणि आपोआप पेटू शकतात. ती मोकळी पसरून वाळवावीत किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवावीत. रॉकेल किंवा टर्पेंटाइन वापरणार असाल तर ते काम स्वयंपाकघरात करू नये, मग शेगडी बंद असली तरी.

१२. वाळवणे, क्रमांक, ठेवण

धुणी वाळत घालायच्या दोरीवर चिमट्यांनी प्रिंट टांगणे सर्वांत सोयीचे. दोन प्रिंटच्या छापील बाजू एकमेकींना लागू नयेत. तेलाच्या शाईला उन्हाळ्यात तीन-चार दिवस आणि पावसाळ्यात आठवडा किंवा अधिक लागतो. वाळले की नाही हे बोट लावून न पाहता समासाजवळच्या काळ्या भागावर कोऱ्या कागदाची कड दाबून पाहावे. त्यानंतरच बटर पेपर मध्ये घालून प्रिंट एकावर एक ठेवावेत.

सगळ्या प्रती शेजारी मांडून ज्यांचा काळा रंग सारखा आहे तेवढ्याच आवृत्तीत, म्हणजे क्रमांक घालायच्या प्रतींच्या संचात, घ्याव्यात. चित्राखाली पेन्सिलीने डावीकडे क्रमांक, मध्ये शीर्षक आणि उजवीकडे सही व वर्ष लिहितात. ३/१० म्हणजे दहा प्रतींतली तिसरी. पेनाची शाई कागदात फुटते आणि वर्षांनी फिकी होते, म्हणून पेन्सिलच. चाचणीच्या चांगल्या एक-दोन प्रतींवर क्रमांकाऐवजी ‘कलावंताची प्रत’ असे लिहावे. संख्या एकदा लिहिल्यावर त्याच ठशाच्या आणखी प्रती काढून त्या आवृत्तीत घालायच्या नसतात.

ठसा स्वच्छ पुसून बटर पेपरमध्ये गुंडाळून, आडवा, उन्हापासून दूर, जड पुस्तकांखाली ठेवावा. वर्षभराने काढाल तेव्हा तो कडक झालेला असेल. वाकवून पाहण्याआधी त्याला गरम पाण्याच्या पिशवीवर दहा मिनिटे द्यावीत.